सांडव्याकडचा उजेड

उन्हाळ्यात आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई असे. एक रेशनकार्ड आणि दुसरी गॅसबत्तीची जाळी. कार्डावर रॉकेल मिळायचं. आणि जाळीचं असं असतं, की ती पहिल्यांदा पेटली की तिची राख होते आणि मग ती राखच उजेड देते. बोट लागलं की संपलं. अब्बा नवी जाळी बांधायला बसले की घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

अब्बा पिंजारी. हिवाळ्यात गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा आणि लग्नसराईत गॅसबत्त्या भाड्यानं द्यायच्या, असा आमचा दोन हंगामांचा संसार. गाव साखरा. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणीचे. आमच्याकडे चार बत्त्या होत्या. वरातीत बायाबापड्या त्या डोक्यावर घेऊन चालत आणि नवरदेवापेक्षा त्यांचेच चेहरे जास्त उजळलेले दिसत. ज्या रात्री लग्नाची तीथ नसेल, त्या रात्री अब्बा एक बत्ती उचलून तळ्याकडं निघायचे. मागं पिन, स्पिरिटची बाटली आणि जुन्या फडक्याचं गाठोडं घेऊन मी. या बत्तीचं भाडं कुणी देत नसे आणि अब्बा कुणाला मागत नसत. अम्मा मात्र हिशेबात तिला वेगळं धरायची. 'तळ्याची बत्ती' हा आमच्या घरातला एक कायमचा खर्च होता, मिठामिरचीसारखा.

तळ्यावर करमणूक असायची आणि ती फुकट असायची. श्रोतेहो, आज मला या फुकटाचाच थोडा इतिहास सांगायचा आहे. आपल्याकडे त्यासाठी तीन शब्द आहेत. सरकारी फलकावर 'विनामूल्य' असतं, दुकानाच्या पाटीवर 'मोफत' असतं, म्हणजे फारसीतला मुफ्त, आणि लोकांच्या तोंडी 'फुकट' असतं. तिन्हींचा अर्थ एकच, तिकीट नाही. पण पैसा नाही म्हणजे आडकाठी नाही, असं मात्र या तिन्ही शब्दांत कुठंच म्हटलेलं नाही. ते मला बऱ्याच उशिरा उमगलं.

तळं म्हटल्यावर कमळं आणि घाटाच्या पायऱ्या डोळ्यांपुढं आणू नका. आमचं तळं म्हणजे शिवारातला एक पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम म्हणून महाराष्ट्रभर खडी फोडण्याची, रस्त्यांची, नालाबांधांची, तलावांची कामं निघाली, त्यांतलं हे एक. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्या अनुभवातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. आमची अम्मा त्या पन्नास लाखांतली एक. मी तेव्हा लिंबाला बांधलेल्या झोळीत होतो, त्यामुळं मला आठवतं ते तिच्या तोंडचंच. सुकडीची चव, मुकादमाची शिट्टी, धुम्मसाचे ठोके आणि टोपल्यांची रांग. मातीचं टोपलं हातोहात पुढं जायचं. पाटलाच्या सुनेच्या हातातून अम्माच्या हातात, अम्माच्या हातातून बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातात, तिथून पुढं मातंगवाड्यातल्या. कुणाचा हात कुणाला लागला, हे पाहायची फुरसत दुष्काळानं कुणाला ठेवली नव्हती. हीच माणसं गावातल्या जुन्या आडावर गेली की पुन्हा आपापल्या अंतरावर उभी राहायची, हेही अम्माच सांगायची.

पाझर तलावाचं काम मोठं गमतीचं. साठलेलं पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावं म्हणून तो बांधतात. म्हणजे पाणी गमावणं हाच त्याचा धंदा. शिमगा सरेपर्यंत मधोमध एक डबकं उरायचं आणि चैत्रात बाकी सगळं भेगाळलेल्या गाळाचं मैदान व्हायचं. मातीच्या बांधाला आमच्याकडं पाळ म्हणतात. पाळीच्या आतल्या उताराला दगडांचं अस्तर होतं. ते आमचं प्रेक्षागृह. उतारावर दगडादगडांवर माणसं बसत आणि खाली गाळाच्या मैदानात खेळ चाले. पाळीच्या एका टोकाला गावाची वाट, दुसऱ्या टोकाला सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची जागा. या सांडव्याला या गोष्टीत काम आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

गावात वीज आलेली होती, पण ती खांबावर होती, तारेत नसायची. घरात पत्र्याखाली उकडायचं. जेवणं उरकली की माणसं खांद्यावर घोंगडं टाकून पाळीवर यायची. डबक्यावरून वारा यायचा, त्याला गाळाचा वास असायचा. रोज कार्यक्रम असे असं नाही. पुष्कळदा नुसतंच बसणं असे आणि कुणाकडं रेडिओ असला तर त्याभोवती दहावीस डोकी. पण चैत्र ते ज्येष्ठ या तीन महिन्यांत आठपंधरा दिवसांनी तरी काहीतरी व्हायचंच.

भजनी मंडळाची भारुडं असत. नाथांच्या भारुडात फकीर येतो. नाथमहाराजांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला आहे, तेव्हा तो यायचाच. आमच्या गावचे भारुडकरी फकिराचं सोंग आणायचे तेव्हा टोपी आणि हिरवी लुंगी आमच्या घरून नेत. सोंग संपलं की अब्बा बत्तीला पंप मारता मारता ओरडून सांगत, "महाराज, लुंगी धुऊन द्या!" हा संवाद नाथांचा नव्हे, पण हशा यालाच जास्त मिळे. आमच्या घरात दखनी बोलतात. माझ्या कानावर मराठी पडली ती या पाळीवर, भारुडाच्या ठेक्यात. पुढं हिंगोलीला बी.ए. केलं, कविता लिहिल्या, पण मराठीत कुठं थांबायचं आणि कुठं ओढून न्यायचं, ते मी त्या उतारावर बसून शिकलो.

उरूस असायचा, त्याची कव्वाली. इस्लामी महिने चंद्राचे, त्यामुळं उरूस दरवर्षी दहाअकरा दिवस अलीकडं सरकतो. १९८० च्या आसपास रजब महिना ऐन मेमध्ये येत होता, म्हणून चारदोन वर्षं कव्वालीला तळ्याचं कोरडं मैदान मिळालं. मग उरूस सरकत थंडीत गेला आणि कव्वालीवाल्यांना दर्ग्याच्या अंगणात शाली पांघरून बसावं लागलं. बहुरूपी यायचे, गोंधळी यायचे, कुस्त्या व्हायच्या. आणि कधीतरी फिलमची गाडी यायची.

ही गाडी सरकारी. स्वातंत्र्यानंतर सरकारला लोकांशी बोलायचं होतं आणि लोकांना वाचता येत नव्हतं. तेव्हा १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघालं, पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी १९५३ मध्ये क्षेत्रीय प्रचाराचं खातं आणि १९५४ मध्ये गीत व नाटक विभाग. कलापथकं, शाहीर, कठपुतळीवाले, भारुडकरी यांना बिदागी देऊन गावोगाव पाठवायचं आणि त्यांच्या तोंडून अल्पबचत, देवीची लस, कुटुंबनियोजन सांगायचं. लोकांनाही ठाऊक असायचं की गाणं झालं की आता लसीचं येणार. औषधाआधी गूळ, तसं. गाडीबरोबर स्वतःचं जनित्र असे, त्यामुळं त्या रात्री अब्बांच्या बत्तीला सुट्टी. दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला जायचा आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सिनेमा दिसायचा. मागच्या बाजूनं पाहिलं की अक्षरं उलटी आणि सगळी माणसं डावखुरी. नायक डाव्या हातानं जेवतोय, डाव्या हातानं नमस्कार ठोकतोय. आम्हा पोरांना त्याची फार मजा वाटे.

या सगळ्याचा खर्च कोण करायचं? सरकारी गाडीचा सरकार. बाकीचा गाव. भारुडासाठी, कव्वालीसाठी, जत्रेतल्या तमाशासाठी वर्गणी निघायची. कुणी दोन रुपये, कुणी पायलीभर ज्वारी. कार्यक्रमाच्या मध्येच थांबून देणाऱ्यांची नावं पुकारली जात आणि न देणारेही खाली मान घालून ती ऐकत बसत. त्यांना कुणी उठवत नसे. हा महाराष्ट्राचा जुनाच रिवाज आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाफडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येऊन सुपारी देतात आणि मग त्या त्या गावच्या जत्रेत तोच फड विनातिकीट उभा राहतो. एरवी तंबू ठोकून तिकीट लावणारेच हे फड. करमणूक कर प्रवेशाच्या पैशावर बसायचा. जिथं तिकीट नाही तिथं करही नाही. तेव्हा आमच्या तळ्यावर सरकारी माणूस आलाच, तर तो खेळ पाहायला यायचा.

आता सांडव्याकडं येतो. पाळीच्या उतारावर कुणी कुठं बसायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि तरी ते ठरलेलं होतं. गावाकडच्या टोकाला, वरच्या दगडांवर मातब्बर मंडळी. मध्ये बाकीचे. बाया वरच्या अंगाला. आणि सांडव्याकडच्या टोकाला बौद्धवाडा आणि मातंगवाडा. खेळ गावाकडच्या टोकाला व्हायचा, कारण वाट तिकडून. सांडव्याकडून शब्द ऐकू यायचे, चेहरे दिसत नसत. फिलमच्या गाडीचा पडदाही गावाकडं तोंड करून लागायचा. म्हणजे जी डावखुरी माणसं पाहून आम्ही पोरं हसायचो, ती सांडव्याकडच्या माणसांनी वर्षानुवर्षं तशीच पाहिली. ज्या पाळीची माती त्यांच्याही डोक्यावरून आली होती, त्या पाळीवर.

पाण्याच्या काठाचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर यात नवल नाही. आमच्या मराठवाड्यात तळ्यांना तोटा नाही. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळचा, म्हणजे हजार वर्षांहून जुना. पलीकडं वाशीमला पद्मतीर्थ आहे, बालाजी मंदिराजवळचा देवतलाव आहे. ही तळी राजांनी, सरदारांनी, देवस्थानांनी राखली. त्यांच्या काठी कीर्तनं झाली, जत्रा भरल्या, कुणी तिकीट मागितलं नाही. पण काठावर उभं राहायचा हक्क सगळ्यांना नव्हता.

निजामाच्या राज्यात आणखी एक भानगड होती. १९२९ साली 'गश्ती निशान ५३' नावाचं फर्मान निघालं. परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही. आमचे दादा सांगायचे, चार माणसं एका जागी बसून बोलली की गावच्या पोलीस पाटलाला घाम फुटायचा. मात्र उरूस, जत्रा, कीर्तन, भजन यांना तेवढा जाच नसे. तेव्हा माणसांना एकत्र बसायचं असेल तर ते करमणुकीच्या आणि देवाच्या नावानंच बसता येई. आपल्या भागात फुकटच्या खेळाला इतकी गर्दी का व्हायची, याचं एक कारण मला यात दिसतं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. सभेची बंदी गेली, बसण्याची सवय राहिली. आणि सवयीत कुणी कुठं बसायचं हेही आलंच.

काठाचा खरा इतिहास घडला तो आमच्यापासून फार दूर, कोकणात महाडला. मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये बोले यांचा ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळंही खुलं केलं होतं. कागदावर. मार्च १९२७ मध्ये तिथं परिषद भरली. तळं तुडुंब, आणि परिषदेला जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं होतं. २० मार्चला डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढं मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, दावा लागला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा मांडवासाठी गावात कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं. ठराव १९२३ चा, निकाल १९३७ चा. मध्ये चौदा वर्षं.

मी कविता लिहिणारा माणूस, इतिहासकार नव्हे. पण फत्तेखानाविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. त्या गृहस्थानं जागा दिली एवढंच आपल्याला सांगितलं जातं. देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्यावर त्याला कोण बोललं, कोण बोललं नाही, घरी बायको काय म्हणाली, हे कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही. या कुतूहलाला कारण आहे आणि ते कारण आमच्याच घरातलं आहे.

जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर काय गुजरलं ते ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. घरं जळाली, माणसं गाव सोडून गेली. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ यावी लागली. आमच्या शिवारात जाळपोळ झाली नाही, पण बोलणं थांबलं होतं. पाळीवरचं बसणंही थांबलं होतं. आणि १९७९ चा एप्रिल आला. बौद्धवाड्यातल्या पोरांनी ठरवलं, जयंतीची भीमगीतं तळ्यावर करायची. कळमनुरीकडची एक पार्टी बोलावली.

भीमगीतांची परंपरा तोवर चांगली मुरलेली होती. सत्यशोधकी जलशापासून आंबेडकरी जलसा निघाला, भीमराव कर्डकांसारख्यांनी तो गावोगाव नेला आणि पुढं वामनदादा कर्डकांची गाणी तर सगळ्या वस्त्यांच्या तोंडी झाली. वामनदादा २००४ मध्ये गेले, पण त्यांची गाणी अजून जयंतीला थांबलेली नाहीत. एक ढोलकी, एक पेटी, टाळ आणि गळा, एवढ्यावर सगळा खेळ. त्याला तिकीट कधीच नव्हतं. फक्त उजेड लागायचा.

पोरं अब्बांकडं आली. भाड्याचे पैसे बरोबर घेऊन आली होती. अब्बांनी ते परत केले आणि म्हणाले, तळ्याच्या बत्तीचं भाडं मी कुणाकडून घेतो का? त्याच संध्याकाळी एका मोठ्या घरातून निरोप आला. त्या घरी मे महिन्यात दोन लग्नं होती आणि त्यांच्या भाऊबंदांत आणखी पाच. निरोप साधाच होता. उद्या तळ्यावर बत्ती नेऊ नका, वातावरण बरं नाही. धमकी नव्हती. लग्नाच्या बयाण्याचा उल्लेखही नव्हता, तो न करताच कळत होता. अम्मा म्हणाली, सात लग्नं म्हणजे पावसाळ्याची ज्वारी. बरोबरच बोलली ती. अब्बा काही बोलले नाहीत. रात्रभर खाटेवर कूस बदलत राहिले, एवढं मला आठवतं, कारण खाट कुरकुरायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन बत्त्या काढल्या. मला वाटलं, एक बिघडली तर दुसरी म्हणून. पाळीवर गेल्यावर ते गावाकडच्या टोकाला थांबलेच नाहीत. तसेच चालत राहिले, सांडव्यापर्यंत. तिथल्या बाभळीला एक बत्ती टांगली, दुसरी खाली दगडावर ठेवली. पार्टीच्या लोकांनी तिथंच ताडपत्री अंथरली. मी विचारलं, अब्बा, इथं का? तर म्हणाले, "हवा बरी आहे."

हवा कसली बरी! सांडव्याच्या खाचेतून वारा नुसता भणाणत होता. दर दहा मिनिटांनी ज्योत भडकायची. अब्बांनी आपलं घोंगडं बत्तीच्या आडोशाला धरायला मला उभं केलं. ढोलकी घुमली. पहिली दोन गाणी झाली तेव्हा गावाकडच्या टोकाला कुणीही नव्हतं. तिसऱ्या गाण्याला पोरं आली. पोरांना शोधायला म्हणून दोघीचौघी बाया आल्या आणि वरच्या दगडावर टेकल्या. मग भजनी मंडळातले आमचे मृदंगवाले काका आले. ढोलकीवाल्याचा हात चांगला होता, त्यांना राहवलं नसणार. ते आले आणि उजेड सांडव्याकडं होता म्हणून सांडव्याकडंच बसले. मध्यरात्रीपर्यंत पाळीचा तो कोपरा भरला होता. सगळा गाव आला असं मी म्हणणार नाही. आला नव्हता. ज्या घरातून निरोप आला होता, तिथलं कुणी आलं नाही. पण पन्नासेक माणसं जन्मात पहिल्यांदा सांडव्याच्या दगडांवर बसली आणि तिथून गाव कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं.

त्या मेमधल्या सातही लग्नांच्या बत्त्या सेनगावहून आल्या. पुढच्या वर्षीही. अम्मानं तिचे चांदीचे वाळे मोडले. तिसऱ्या वर्षी त्या घरचा गडी आला, जणू मध्ये काही झालंच नाही असा, आणि अब्बांनीही तसाच भाव सांगितला. याविषयी घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. अब्बांना फत्तेखानाचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. मीच ते कॉलेजात वाचलं आणि सुट्टीत येऊन त्यांना सांगितलं. ते रजई शिवत होते. त्यांनी विचारलं, "जमीन पुढं त्याची त्यालाच राहिली ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून एक झालं. तळ्यावरचा खेळ कधी या टोकाला, कधी त्या टोकाला होऊ लागला. भारुडकऱ्यांना सांडव्याकडं आवाज चांगला घुमतो असा शोध लागला. मग १९८७ आलं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर गाव. पण ओसरी कुणाच्या तरी घरची असते आणि घराला उंबरा असतो. पाठोपाठ व्हिडिओ आला, दोन रुपये तिकिटाचा. तारेत वीज राहू लागली, वराती हॅलोजनच्या उजेडात निघू लागल्या आणि अब्बांच्या बत्त्या माळ्यावर गेल्या. सरकारी गाड्याही हळूहळू यायच्या बंद झाल्या. क्षेत्रीय प्रचाराचं आणि गीत-नाटकाचं खातं २०१७ च्या अखेरीला एकाच नव्या कार्यालयात विलीन झालं, आणि फिल्म्स डिव्हिजनचं काम २०२२ मध्ये चित्रपट विकास महामंडळाकडं गेलं. पेपरात चार ओळींची बातमी होती. मी ती कापून ठेवली आहे.

तळ्याकाठचं बसणं शहरांनी मात्र टाकलेलं नाही. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठाला तलावपाळी म्हणतात, तेव्हा मला फार आपलं वाटलं होतं. पाळ हा शब्द तिथंही टिकला. काठावर गडकरी रंगायतन आहे, आत तिकीट काढून नाटक आणि बाहेर कठड्यावर बसून फुकट माणसं पाहायची. दिवाळीच्या पहाटे तर तिथं पोरापोरींची रीघ लागते. आमच्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, हुसेनसागराच्या टँक बंडवर २०२१ च्या ऑगस्टात रविवारी संध्याकाळी वाहनं बंद करून रस्ता माणसांना मोकळा दिला गेला. बाळगोपाळ, वाद्यवृंद, खाऊच्या गाड्या. तो बंड म्हणजे आपला बांधच. फारसी बंद, संस्कृत बंध, इंग्रजांनी उचललेला बंड, सगळे एकाच घरातले. पुण्याचं बंड गार्डनही त्याच घरातलं. तिथं इंग्रजांच्या काळी संध्याकाळी पलटणीचा बँड वाजे, साहेबांच्या बग्ग्या लागत.

हिंगोलीला शिकायला होतो तेव्हा मी जलेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसायचो. पहिल्या दोन कविता तिथल्या. आता कुठल्याही तळ्याचं सुशोभीकरण निघालं की मी आधी विचारतो, आत जायला फाटक किती? फाटक आलं की पहारेकरी येतो, आणि पहारेकरी आला की तो कपडे पाहतो.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या तळ्यात गाळ फार साचला होता. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि त्यानंतर आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं तो वाहून नेला. गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला पोरांनी मला कविता वाचायला बोलावलं. पाळीच्या बरोबर मध्यावर मंडपवाल्यानं फोकस लावला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं चाळीसेक असतील, त्यांतली निम्मी मोबाइलमध्ये क्रिकेट पाहत होती. दुसऱ्या कवितेला वीज गेली. लोकांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या. उकाडा होता. अंधारातून कुणीतरी म्हणालं, "सांडव्याकडं हवा आहे, तिकडंच बसू." आणि सगळी मंडळी खुर्च्या उचलून चालू लागली. माझीही खुर्ची कुणीतरी उचलली होती, म्हणून मी वही घेऊन मागं निघालो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)